इतर हक्कातली नावे

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा अशा नोंदी त्यात येतात. आमच्या तळोजा परिसरातले जुने उतारे काढले, की याच रकान्यात आमच्या फुफ्यांची नावेही सापडतात. जमिनीच्या मालकांच्या जागी भावांची नावे, आणि बहिणी बोज्याच्या आणि कर्जाच्या शेजारी. तलाठ्याने हे खोडसाळपणाने केले असे आम्ही म्हणत नाही. जे घरात होते तेच त्याने कागदावर उतरवले.

शहर आले आणि कुटुंब तुटले, असे आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्गही तसेच म्हणतात. आम्हीही बरीच वर्षे तेच मानत होतो. पण तळोज्यात जे घडले ते नीट आठवून पाहिले, तर तुटण्याआधी कुटुंब मोजले गेले, असे दिसते. कोण वारस, कोण नाही, कोणाचा किती आणा, हे प्रथमच शिक्का मारून लिहिले गेले. ज्यांना आम्ही कधी मोजले नव्हते त्यांची नावे त्या यादीत आली, आणि ज्यांना मोजण्याची कधी गरजच पडली नव्हती त्यांची नावे गळाली. ही गोष्ट त्या यादीची आहे.

आमच्या बापजाद्यांचे तळोजे म्हणजे भाताची खाचरे, खाडीकडेची खार जमीन आणि कासाडी नदी. ईशान्येला हाजी मलंगचा डोंगर. खार जमिनीची एक रीत आहे, ती शहरात वाढलेल्या वाचकांना सांगायला हवी. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून तिला बांध घालावा लागतो, आणि उधाणाच्या भरतीत तो एका जागी जरी फुटला तरी सगळ्यांची शेती खारते. तुझा बांध, माझा बांध असे तिथे चालत नाही. रात्री भरतीची हाक आली, की चार भाऊ, त्यांची पोरे, शेजारचे आगरी, सगळे चिखल घेऊन धावत. आमची एकत्र कुटुंबे प्रेमाने टिकली होती असे सांगतात. प्रेम होतेच, पण त्याच्या खाली हा बांधही होता.

गंमत अशी, की शरिअतच्या वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता असा प्रकारच नाही. हिंदू कायद्यात मुलाला जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेत हक्क मिळतो. आपल्याकडे बाप जिवंत आहे तोवर मुलाचा हक्क शून्य, आणि बाप गेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला. सूरह निसामध्ये हे हिस्से दिले आहेत, आणि मुलीला मुलाच्या निम्मे. म्हणजे आमचे घर कायद्याने रोज वाटलेले होते आणि रिवाजाने कधीच वाटले जात नव्हते. दादा गेले, की थोरल्या मुलाचे नाव सातबाऱ्यावर लागे, फार तर तिघा-चौघा भावांचे. फुफ्या तलाठ्यापुढे ‘आम्हाला काही नको’ असा जबाब देत, किंवा तोही देत नसत. त्यांच्या वतीने कोणीतरी दिलेला असे.

१९३७ साली शरिअत कायदा झाला तेव्हा रिवाज बाजूला सारून मुस्लिम स्त्रियांना वारसा मिळवून देणे हा त्याचा एक मोठा हेतू सांगितला गेला. पण त्याचे दुसरे कलम वाचले तर कंसात एक सवलत दिसते: शेतजमिनीचे प्रश्न वगळून. १९३५ च्या कायद्याने शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, म्हणून मध्यवर्ती विधिमंडळाला तिला हात लावता येत नव्हता, हे कारण खरे आहे. पण ज्या समाजाची सारी दौलतच शेतजमीन, त्याच्या मुलींच्या दृष्टीने त्या कंसात काय उरले? मद्रास प्रांताने १९४९ साली दुरुस्ती करून शेतजमीनही कायद्यात आणली. आमच्याकडे मुंबई इलाख्यात मुसलमानांच्या जमिनीला न्यायालये सहसा मुस्लिम वारसा कायदाच लावत आली. वेगळा रिवाज सांगणाऱ्याला तो सिद्ध करावा लागे. मात्र न्यायालयापर्यंत जाणार कोण? भावावर फिर्याद करणारी बहीण आम्ही तरी आमच्या लहानपणी पाहिली नाही.

आणि फुफ्या मूर्ख होत्या असेही नाही. त्यांनी जमीन सोडली त्याच्या बदल्यात त्यांच्याकडे माहेर होते. हा लेखी नसलेला पण पक्का करार होता. पहिले बाळंतपण माहेरी. ईदला भाऊ न्यायला येणार. भाताची झोडणी झाली की नव्या तांदळाची गोण बहिणीच्या घरी जाणार, पावसाआधी सुकी मासळी जाणार, आंब्याच्या दिवसात टोपली जाणार. नवरा वारला किंवा तलाक झाला तर माजघरात तिची जागा आहे, हे कोणी बोलून दाखवत नसे. आमची मोठी फुफी कल्याणला दिलेली. ती माहेरी आली की आमची आई स्वतः उठून सांदण करायला बसे आणि घरातले पुरुष पडवीत आवाज खाली आणून बोलत. जिने हिस्सा मागितला तिचे माहेर संपले, असा समज होता. त्यामुळे हिस्सा न मागणे हाच तिचा विमा होता.

या घडीला पहिली चीर सरकारने पाडली नाही, ती पाडली मनीऑर्डरने. आमच्या कोकणी लोकांना जहाज आणि परदेश नवा नाही. पण १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात माणसांची मागणी वाढली, तेव्हा शेतात राबणारे हातच निघून गेले. धाकट्या चाचांनी कुवेत गाठले. त्यांचा पैसा आधी थोरल्या भावाच्या नावाने येई, मग काही वर्षांनी चाचीच्या नावाने येऊ लागला. एवढ्याशा बदलाने घरात किती गोष्टी हलल्या ते आम्ही मुलांनी पाहिले. चाचीने वेगळा स्टोव्ह घेतला, मग वेगळी चूल मांडली, मग मागच्या वाड्यात स्लॅबचे घर. कोणी भांडले नाही. चाचा कॅसेटवर आवाज भरून पाठवत. ती कॅसेट पूर्वी माजघरात सगळ्यांसमोर लागे, पुढे चाचीच्या खोलीत लागू लागली. १९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा चाचा अंगावरच्या कपड्यांनिशी परतले, आणि पुन्हा वर्षभर सगळे एकाच ताटात जेवलो. त्या वर्षाची आठवण आमच्या घरात अजून कोणी वाईट म्हणून काढत नाही.

दरम्यान नवी मुंबई आली होती. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. तळोज्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतही आली. भूसंपादनाच्या नोटिसा ज्याच्या नावावर जमीन त्याच्या नावाने येत, आणि मोबदल्याचे पैसेही त्यालाच मिळत. फुफ्यांची नावे इतर हक्कात होती, त्यामुळे त्या पैशाचा वारा त्यांना लागला नाही. आमच्या घरात आलेल्या मोबदल्यातून एक विहीर दुरुस्त झाली आणि एक लग्न झाले, एवढेच आठवते.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. १६ आणि १७ तारखांना पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. आज आपण ज्याला साडेबारा टक्के म्हणतो त्याची मुळे त्या रक्तात आहेत. ज्याची जमीन गेली त्याला संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायचा, ही योजना सरकारने १९९० साली मान्य केली आणि १९९४ साली तिच्यात बदल झाले. सार्वजनिक सोयींसाठीची कपात जाऊन हातात पावणेनऊ टक्के उरतात, हे ज्याने भूखंड घेतला त्याला पाठ असते.

आता इथे यादी येते. मूळ जमीनमालक बहुतेक तोवर अल्लाला प्यारे झालेले. मग भूखंड कोणाच्या नावे? वारसांच्या. वारस कोण? दिवाणी न्यायालयाचा दाखला आणा. हा दाखला मुंबई सरकारच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या शहराचा भूखंड घ्यायला आम्ही पेशवाई बुडाल्यानंतर नऊ वर्षांनी झालेल्या कायद्याचा आधार घेत होतो. न्यायालय शरिअतप्रमाणे वारस ठरवते, आणि शरिअत बहिणींना विसरत नाही. वकिलाने टेबलावर मुल्लांचे पुस्तक उघडले. (आमच्यातल्या कित्येकांना हे मुल्ला कोणी मौलवी वाटतात. सर दिनशा मुल्ला पारशी होते.) त्याने दादांच्या सगळ्या मुलामुलींची नावे विचारली. फुफ्यांची पूर्ण नावे, लग्नानंतरची नावे, वये, पत्ते. आमच्या वडिलांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे पूर्ण नाव सांगता आले नाही.

हिशेब मांडून दाखवल्याशिवाय हे कळणार नाही. समजा जमीन दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. पावणेनऊ टक्क्यांनी सात गुंठ्यांचा भूखंड मिळतो, सुमारे ७०८ चौरस मीटर. आमच्या दादांच्या मागे तीन मुलगे आणि चार मुली होत्या. दादी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मुलाचे दोन, मुलीचा एक, असे दहा भाग. प्रत्येक फुफीला सुमारे ७१ चौरस मीटर, प्रत्येक भावाला १४२. फुफ्यांनी हक्क सोडला तर भावाचे १४२ चे २३६ होतात. ८० गुंठे भातशेतीत चार बहिणींचे हिस्से म्हणजे काही गोणी भात होता, आणि तो तसाही गोणी भरून त्यांच्याकडे जातच होता. शहरातल्या भूखंडात तेच हिस्से म्हणजे चाळीस टक्के. त्यात बांधकाम व्यावसायिक दारात उभा, आणि त्रिपक्षीय करारावर यादीतल्या प्रत्येकाची सही हवी. एक सही राहिली तरी सगळे अडते.

ज्या बाईचे नाव पन्नास वर्षे इतर हक्कात होते, तिच्या सहीला एका पावसाळ्यात किंमत आली.

मग जे झाले ते घरोघरी थोड्याफार फरकाने सारखेच आहे. वर्षानुवर्षे बहिणीकडे न गेलेले भाऊ मिठाईचा पुडा घेऊन कल्याण, भिवंडी, उरण गाठू लागले. साडी, पाच हजार रुपये आणि कागद. काहींनी न वाचता अंगठा दिला. काहींनी मुलांना विचारून सांगते म्हटले, आणि हे भावांना फार लागले. बहीण आपली, मधे भाचे कुठून आले? काही घरांत भावांनी स्वतः जाऊन सांगितले की हा तुझा हिस्सा आहे, घे. असे लोक थोडे होते, पण होते, आणि त्यांत नमाजी-बेनमाजी असा भेद करता येणार नाही. जमातीचे बुजुर्ग बैठका घेत. मेहर आणि तलाकचे तंटे सोडवणाऱ्या या माणसांना भूखंडाचा करार वाचता येत नव्हता. हळूहळू लोक जमातीकडे न जाता थेट वकिलाकडे जाऊ लागले.

शेजारच्या आगरी वस्तीत वेगळे काही नव्हते. त्यांच्या मुलींना राज्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने आणि मग २००५ च्या केंद्रीय कायद्याने मुलाइतका हक्क दिला. आमच्या मुलींना तो, निम्मा का होईना, चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला, हे आपण व्याखानांत अभिमानाने सांगतो. पण उतारे शेजारी ठेवून पाहिले तर दोघींची नावे एकाच रकान्यात आहेत. हक्कसोडपत्राचा मसुदाही एकच, फक्त नावे बदललेली.

आता त्या नावाकडे येतो जे यादीत आले नाही. दादांना खरे तर चार मुलगे होते. दुसरा मुलगा दादांच्या आधी वारला, मागे दोन वर्षांचा पोरगा ठेवून. हा आमचा चुलतभाऊ आमच्याच घरात वाढला. ‘यतीम’ हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायला दादांची सक्त मनाई होती. बाकीचे कुवेत आणि मुंबईच्या गोदीत गेले तेव्हा शेती त्यानेच सांभाळली. बांध फुटला की पहिला तो धावे. वारस दाखल्याच्या वेळी वकिलाने पेन खाली ठेवून सांगितले, की मुलगे हयात असताना आधी वारलेल्या मुलाच्या मुलाला आजोबांच्या मालमत्तेत वारसा नाही. तो महजूब. घरातल्या कोणालाही हे ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची वेळच आली नव्हती.

हा प्रश्न काही आमच्याच घरचा नाही. इजिप्तने १९४६ साली अशा नातवासाठी सक्तीच्या वसियतची तरतूद केली. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने त्याला थेट बापाचा हिस्सा दिला, आणि त्यावर तिथले उलेमा अजून भांडतात. आपल्याकडे काहीच झाले नाही. दादांना एक तृतीयांशापर्यंत वसियत करता आली असती, हयातीत हिबा करता आला असता. पण जो मुलगा रोज शेजारी बसून जेवतो त्याच्या नावाने कागद करावा हे त्यांच्या मनात आले नसणार. सूरह निसामध्येच, हिस्स्यांच्या आयतीच्या थोडे आधी, वाटणीला हजर असलेल्या नातलगांना आणि अनाथांना काही द्यावे असे सांगितले आहे. वकिलाच्या टेबलावर ती आयत कोणी काढली नाही. आम्हीही नाही, आणि ते आम्हाला आजही टोचते.

ती काढली, आयतीचे नाव न घेता, मोठ्या फुफीने. तिच्याकडे आमचे वडील आणि धाकटे चाचा कागद घेऊन गेले, आम्हीही सोबत होतो. दोन बहिणींनी रोख घेऊन सह्या केल्या होत्या, तिसरीने काही न घेता. मोठी फुफी म्हणाली, “सही करते, पण आधी वाचून दाखवा काय लिहिलंय ते.” चाचांनी वाचले. ती म्हणाली, “पोराचं नाव नाही आलं यात.” चाचांनी कायदा समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कायद्यानं माझंही नाव होतंच की. तुम्ही घातलं होतंत?”

त्यावर कोणी बोलले नाही. चाचांनी कागद घडी करून खिशात ठेवला. परतीच्या गाडीत वडील एवढेच म्हणाले, की आपा पूर्वी असे बोलत नव्हती.

पुढची दोन वर्षे करार अडला. चाचा फुफीशी बोलेनात. तिच्या नातीच्या निकाहला आमच्या घरातून फक्त आमची आई गेली. शेवटी ठरले असे, की फुफी आपला हिस्सा सोडणार नाही, आणि चुलतभावाला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढी जागा तिन्ही भाऊ आपापल्या वाट्यातून देणार. ती त्याला मिळाली, पण इमारत झाल्यावर आणखी चार वर्षांनी, आणि त्या चार वर्षांत तो तळोज्यातच भाड्याने राहिला. ज्या घरात तो वाढला त्याची भिंत तोवर पाडलेली होती.

आज तळोजा फेज वन आणि फेज टू म्हणून जे शहर आहे त्यात आमचा जुना मोहल्ला शोधावा लागतो. २०१६ साली पनवेल महापालिका झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. मुंबईतून आलेल्या हजारो कुटुंबांनी इथे घरे घेतली, मशिदीत सफा भरल्या, आणि आमची कोकणी बोली दुकानात बोलावी तर दुकानदार हिंदीत उत्तर देतो. कासाडीत रसायने आली. ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या रस्त्यांवरच्या निळ्या कुत्र्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि तळोज्याचे नाव परदेशी वर्तमानपत्रांत गेले. बहिणीकडे पाठवायला आता ना नवा तांदूळ, ना खाडीची मासळी. भाऊ बहिणीला काही देतो ते बाजारातून आणून देतो, आणि तेवढे तिचा मुलगाही आणू शकतो.

विमानतळाच्या बाजूच्या गावांत साडेबावीस टक्क्यांच्या याद्या झाल्या. आमच्या नात्यातली एक मुलगी तिकडच्या एका वकिलाकडे काम करते. ती सांगते, की आता हक्कसोडपत्र करायला आलेल्या बायका आधी दर विचारतात. आम्हाला हे ऐकून वाईट वाटावे अशी अपेक्षा होती तिची, असे वाटले. आमच्यातल्या काहींना वाटलेही. आमच्या बहिणींना मात्र वाटले नाही, आणि हा फरक आम्ही नोंदवून ठेवतो.

दादांच्या त्या सात गुंठ्यांवर आता खाली पार्किंग आणि वर चार मजले उभे आहेत. मोठ्या फुफीच्या वाट्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. तिने तो भाड्याने दिला असून भाडे दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. ते खाते तिने वयाच्या सत्तराव्या वर्षी उघडले. तळोज्यात आली की ती जिना चढून आपला फ्लॅट बघून येते, भाडेकरूच्या मुलांना खाऊ देते. मुक्कामाला मात्र तिथे किंवा चाचांकडे न जाता तळमजल्यावर, पार्किंगच्या मागे असलेल्या त्या एका खोलीत, चुलतभावाकडे उतरते.